मोहफुलं वेचल्यानं जंगल संपतं का? विदर्भातल्या जंगलाच्या वापराबद्दल सविस्तर

तुम्ही विचारलंय की पेंचच्या सफारीला जाताना रस्त्याकडेच्या जंगलात सकाळी सकाळी बाया मोहफुलं वेचताना दिसल्या, गाडीतलं कोणीतरी म्हणालं की हेच लोक जंगल संपवून राहिले, यांना आत जायलाच बंदी पाहिजे, आणि तुम्हाला ते पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. दुसरा प्रश्न असा की वाघ आणि लाकूड सोडलं तर जंगलाची खरी किंमत काय, आणि ती पैशात काढता येते का. मी राहतो नागपुरात पण काम बरीच वर्षं गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या ग्रामसभांसोबत आहे, त्यांच्या जंगलाचे व्यवस्थापन आराखडे तयार करायचं, त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातलेच आहेत. उत्तर लांब होईल.

मोहापासूनच सुरू करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. बाया जे वेचतात ते फुलाचं रसाळ, पिवळट पांढरं कवच असतं, आतला जो भाग पुढे फळ होणार तो झाडावरच राहतो. म्हणजे फुलं वेचली म्हणून फळ कमी धरत नाही, झाडाला इजा होत नाही, फांदी तुटत नाही. रानात जेवढ्या वस्तू गोळा होतात त्यातली इतकी निरुपद्रवी वस्तू क्वचितच असेल. वाटा असतो तो जनावरांचा, अस्वल, चितळ, सांबर, वानर सगळे मोहावर येतात, वटवाघळं तर रात्री फुलांवर येऊन परागीभवनही करतात आणि नंतर फळं खाऊन बिया दूर नेऊन टाकतात.

मग नुकसान कुठे होतं? झाडाखालच्या पाल्यात. मार्चमध्ये मोहाखाली वाळलेल्या पानांचा थर असतो, त्यात फूल पडलं की दिसत नाही, आणि वेचायला वेळ कमी असतो कारण ऊन चढायच्या आत घरी जाऊन पुढची कामं असतात. म्हणून पाला पेटवून देतात, जमीन साफ होते, फुलं पटापट वेचली जातात. तो जाळ झाडाखाली थांबला तर ठीक, पण मार्चच्या वाऱ्यात तो थांबत नाही, रांगत रांगत पुढच्या नाल्यापर्यंत जातो, आणि त्यात मागच्या पावसाळ्यात उगवलेली मोहाची, चाराची (म्हणजे चारोळीच्या झाडाची), बेहड्याची बोटभर रोपं जातात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. मोठ्या झाडाला काही होत नाही म्हणून लोकांना वाटतं जंगल आहे तसंच आहे. पण तुम्ही अशा जंगलात उभं राहून कमरेच्या खाली काय आहे ते पाहा, म्हातारी झाडं आहेत आणि पोरं कुठेच नाहीत असं दिसेल. त्यात भर म्हणजे पुढे फळं पिकली की तेलासाठी बियाही वेचल्या जातात, सगळ्याच्या सगळ्या वेचल्या तर नवीन मोह येणार कुठून.

उपाय अगदी साधा आहे आणि अनेक गावं तो करतात. पाला खराट्यानं झाडून बाजूला ढीग करायचा, किंवा झाडाखाली जाळी नाहीतर जुनी लुगडी बांधायची, फूल मातीत पडतच नाही आणि स्वच्छ फुलाला भावही बरा भेटतो. बियांसाठी काही झाडं सोडून द्यायची. पण आता खरा मुद्दा पाहा. ही जास्तीची मेहनत कोण करेल? ज्या बाईला माहीत आहे की हे झाड आपल्या घराकडे आहे, पुढच्या वर्षीही आपणच इथे येणार, ती करेल, आणि बऱ्याच गावांत कोणतं मोहाचं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतंच. जिला भीती आहे की उद्या गार्ड हाकलून देईल किंवा दुसऱ्या गावचे लोक आधी येऊन घेऊन जातील, ती आज जेवढं लवकर होईल तेवढं घेऊन जाईल. माझ्या मते शाश्वत वापराचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो, म्हणजे काढणाऱ्याला पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली यायचं आहे का, आणि काय मागे ठेवायचं हे त्याला ठरवता येतं का.

बांबूमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं, त्यामुळे तो जरा जवळून सांगतो. आपल्याकडच्या जंगलात जास्त करून मानवेल बांबू, एकेका रांजीत, म्हणजे बेटात, वेगवेगळ्या वयाच्या काठ्या. यंदाच्या पावसाळ्यात आलेला कोंब म्हणजे करला, त्याच्या अंगावर अजून आवरणं असतात, तो उंच झालेला असला तरी आतून कच्चा असतो. त्याला हात लावायचा नाही. मागच्या वर्षीचाही सोडायचा, कारण नवीन कोंबाला वाढायला अन्न या तरुण काठ्याच पुरवतात आणि वाऱ्यात आधारही त्याच देतात. काढायच्या त्या तीन वर्षं आणि त्यापुढच्या, त्याही सगळ्या नाहीत, रांजीत ठराविक पक्क्या काठ्या ठेवूनच. तोड जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेऱ्याच्या थोडी वर, धारदार हत्यारानं एका दमात, खाली पोकळ भांडं राहिलं की त्यात पाणी साचून बुडखा सडतो. कंद उकरायचा नाही. पावसाळ्यात तोड बंद, कारण तेव्हा कोंब निघत असतात. आणि रांजीच्या मधल्या काठ्या काढायच्या तर एका बाजूनं वाट करून आत शिरायचं, घोड्याच्या नालेच्या आकारात, बाहेरचा घेर तसाच ठेवायचा.

हे सगळं करायला वेळ लागतो. मध्ये घुसायचं म्हणजे काटक्या साफ करा, वाकलेल्या काठ्या सोडवा. आता समजा मजुराला काठीमागे पैसे भेटतात, आणि कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, या महिन्यात संपवायचं आहे, तर तो बाहेरच्या कडेच्या काठ्या सटासट कापेल, त्या नेमक्या कोवळ्या असतात, आणि मधल्या जुन्या तशाच गुंतून राहतील. दोन-तीन फेऱ्यांत रांजी आतून गच्च आणि बाहेरून बोडकी होते, मग कोंब बारीक येतात. बांबू किती काढला यापेक्षा कोणता काढला आणि कसा काढला यावर त्या रांजीचं आयुष्य ठरतं, कागदावर टनांचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो!

आता जुना हिशेब. आपल्या भागात, म्हणजे जुन्या मध्य प्रांतात, निस्तार हक्क होते, गावाला घरापुरतं सरपण, बांबू, गवत, चराई मिळायची. त्याच्यावर हळूहळू मर्यादा आल्या. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडात मोजला जायचा, त्यामुळे गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंची, चर्चा निघाली की बांबू बाजूला राहायचा, आणि दुसरीकडे तोच बांबू दीर्घ मुदतीच्या करारानं कागद कारखान्यांना स्वस्तात जायचा. गावातल्या बुरडाला टोपल्या विणायला बांबू मिळत नव्हता. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं हे मान्य केलं नाही. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासू कार्यकर्ते, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावची. त्यांनी अनेक वर्षं अभ्यास गट चालवले, निर्णय बहुमतानं न घेता सर्वसहमतीनं घेतले. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात लिहिला गेला, २००९ मध्ये मेंढ्याला साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर अडलं, ते एप्रिल २०११ मध्ये सुटलं, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांत ही गोष्ट सगळ्याच ग्रामसभांसाठी आली. एका परवाना पुस्तकात काय एवढं असं तुम्हाला वाटेल, पण ज्याच्याकडे परवाना त्याच्याकडे भाव ठरवायची ताकद, आणि ज्याच्याकडे भाव तोच करला सोडून द्यायचा खर्च करू शकतो.

दुसरं गाव पाचगाव, चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात. २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला, बांबूची विक्री स्वतः सुरू केली, आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असा ठराव केला. हा ठराव किती मोठा आहे ते समजून घ्या. तेंदूचा हंगाम मे महिन्याच्या आसपास, खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर, घरात रोख पैसा नसतो तेव्हाच येतो, पुड्यांवर पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, नेऊन टाकायचे की रोकड. पण चांगलं कोवळं पान यावं म्हणून त्याआधी तेंदूची झुडपं छाटतात, आणि अनेक ठिकाणी जमीन पेटवतात. झुडूप दरवर्षी छाटलं तर त्याचं झाड होत नाही, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागत नाहीत, आणि आग तर सगळंच नेते. पाचगावानं हिशेब केला की बांबूतून वर्षभर काम भेटून राहिलं, तर थोड्या दिवसांच्या पैशासाठी जंगल का जाळायचं. सरकारनं बंदी घातली असती तर लोकांनी चोरून तोडला असता. त्यांनी स्वतः ठरवलं म्हणून पाळलं. मी असं नाही म्हणत की सगळ्यांनी तेंदू बंद करावा, गोंदिया-गडचिरोलीत कितीतरी गावांचा संसार तेंदूवर आहे आणि ग्रामसभा स्वतः लिलाव करायला लागल्यापासून बोनस थेट गावात यायला लागला, पण आग न लावता तोडणारी गावंही आहेत आणि तिकडचं जंगल पाहिलं की फरक कळतो.

हक्क मिळाला की जंगल आपोआप वाचतं असंही समजू नका. काही गावांत हक्काचा कागद मिळाला आणि पहिल्याच वर्षी ठेकेदारानं ॲडव्हान्स देऊन सगळा बांबू उचलला, ग्रामसभेत सही करणारे चार लोक, बाकीच्यांना पत्ताच नाही. आराखडा म्हणजे कपाटातली फाइल. तिथे गावाचा आणि जंगलाचा दोघांचाही तोटा झाला. ज्या गावात बाया ग्रामसभेत बोलतात तिथे हे सहसा होत नाही, कारण सरपण, पानं, भाजी, मोह हे सगळं त्यांच्या कामाचं, बांबूचा एकरकमी चेक पुरुषांना दिसतो, पण नाल्याकाठच्या कुड्याच्या फुलांची भाजी आणि पावसाळ्यातल्या सात्या (रानातली अळंबी) कुठे निघतात हे बायांनाच माहीत असतं. आराखडा करताना मी तर आधी बायांसोबत जंगलात फिरतो, मग नकाशा काढतो.

काही वस्तूंमध्ये काढण्याची पद्धत बदलली नाही तर वस्तूच संपते. चारोळी त्यातली एक, फळ पिकायच्या आत दुसरा कोणी नेईल म्हणून कच्चंच ओरबाडतात, फांद्याच तोडून आणतात, आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी चाराची झाडं विरळ झाली. कुल्लू नावाच्या झाडाला डिंकासाठी खोल घाव घातले तर झाड दोन-चार वर्षांत मरतं. आग्या मधाचं पोळं पेटत्या पलित्यानं झोडलं तर माश्या मरतात, अंडी-अळ्यांसकट पोळं पिळलं तर मधही लवकर आंबतो. तेच अंगात पोशाख घालून फक्त मधाचा गड्डा कापला आणि पिलांचा भाग तसाच ठेवला तर माश्या तिथेच राहून पुन्हा मध भरतात, वर्ध्याकडच्या कार्यकर्त्यांनी ही पद्धत कितीतरी आदिवासी पोरांना शिकवली आहे. नागपुरात मध घेताना विचारा की पोळं कसं काढलं. विकणाऱ्याला उत्तर देता आलं तर पन्नास रुपये जास्त द्या.

आता किमतीकडे येऊ. सरकारनं जंगलाला पैशातली किंमत लावलेली आहे, तिला नक्त वर्तमान मूल्य म्हणतात, खाणीला किंवा रस्त्याला वनजमीन दिली की प्रकल्पवाल्यानं ती भरायची. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये जे दर मान्य केले ते जंगलाच्या प्रकारानुसार आणि घनतेनुसार हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत होते, २०२२ मध्ये ते साधारण दीडपट झाले. हिशेब करा. १०.४३ लाख भागिले दहा हजार चौरस मीटर म्हणजे चौरस मीटरला १०४ रुपये, म्हणजे स्क्वेअर फुटाला दहा रुपयांच्याही आत. सगळ्यात घनदाट, सगळ्यात चांगल्या जंगलाचा भाव! दीडपट केला तरी पंधरा रुपये. नागपूरच्या कडेला बेसा-पिपळ्याला प्लॉट पाहिला असेल तर तुम्हीच तुलना करा. तरीही ही पद्धत आली ते बरंच झालं, कारण त्याआधी जंगल फुकटच समजलं जायचं. पण या आकड्यावरून कोणी म्हणालं की किंमत दिली, विषय संपला, तर ते मला मान्य नाही. कारण पैसा एका खात्यात जातो आणि नुकसान दुसऱ्याच घरी होतं, ज्या बाईची मोहाची झाडं गेली तिला त्या हेक्टरी दरातलं काही भेटत नाही, आणि बदल्यात लावलेली झाडं दुसऱ्याच तालुक्यात असतात.

आणि सगळ्या किमती एकाच वेळी वाढवता येत नाहीत हेही खरं आहे. मिश्र जंगल काढून सलग साग लावला तर लाकडाची किंमत वाढते, आपल्या आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागाचं नाव देशभर आहे, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना तोच साग गेला. पण त्या सलग सागात मोह नाही, चार नाही, आवळा नाही, जनावराला खायला फार काही नाही. लाकूड काढूच नये असं माझं म्हणणं नाही, वनविभागाच्या कार्य आयोजनेप्रमाणे (कुठे, किती तोडायचं याचा आराखडा), नवीन रोपं येताहेत का ते पाहून काढलेलं लाकूड हा चांगलाच वापर आहे, सिमेंट-लोखंडापेक्षा चांगला. फक्त एकाच वस्तूसाठी अख्खं जंगल बदलू नये.

नागपूरकरांसाठी सगळ्यात जवळची किंमत म्हणजे नळाचं पाणी. आपल्या शहराचं बहुतेक पाणी पेंच आणि कन्हान नद्यांचं, पेंचचं तोतलाडोह, नवेगाव खैरी या धरणांतून येतं. तोतलाडोहच्या वरचं पाणलोट मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-सिवनीकडचं, सातपुड्याचं. जंगल पाऊस पाडतं असं सरसकट बोलतात तसं मी बोलणार नाही, झाडं स्वतःही भरपूर पाणी पितात. पण उतारावर झाडोरा, गवत आणि पाल्याचा थर असला की पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, नाला हिवाळ्यापर्यंत वाहतो आणि धरणात गाळ कमी येतो. गाळ एकदा भरला की तेवढी साठवण गेली, ती परत मिळवायला प्रचंड पैसा लागतो. म्हणजे वरच्या जंगलात आग लागली तर त्याचा संबंध धरमपेठेतल्या टाकीशी आहे, लगेच दिसत नाही एवढंच.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल नागपुरात फार कमी लोक आस्थेनं बोलतात, ती म्हणजे झुडपी जंगल. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, नागपूर धरून, ८६,४०९ हेक्टर जमीन महसुली कागदांत झुडपी जंगल म्हणून आहे. ती पडीक आहे, विकासाला अडवून राहिली, हे तुम्ही ऐकलं असेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच आहे आणि तिला वन संवर्धनाचा कायदा लागू आहे असं सांगितलं. मला हा निकाल मोलाचा वाटतो. या जमिनीवर उंच झाडं नाहीत म्हणून तिला किंमत नाही असं समजणं चूक आहे, तिच्यावर पवन्या, मारवेलसारखी गवतं आहेत, गवळाऊ गाईंची आणि शेळ्या-मेंढ्यांची चराई आहे, खोकड, तितर, चंडोल आहेत. आणि कृपा करून तिथे खड्डे करून दाट झाडं लावायच्या मोहिमा काढू नका. गवताळ जमिनीवर झाडं कोंबली तर गवत जातं, चराई जाते आणि झाडंही धड जगत नाहीत. तिथे करायचं काम वेगळं, पाळीपाळीनं चराई बंद ठेवणं, घाणेरी उपटणं, पावसाआधी चर आणि छोटे बंधारे. फोटोत चांगलं दिसत नाही पण टिकतं.

वाघाचं थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. चंद्रपूर जिल्ह्यात मोह-तेंदूच्या दिवसांत माणसं मारली जातात हे फार दुःखाचं आहे आणि त्याला "लोकांनी जाऊच नये" हे उत्तर नाही, ज्याच्या घरी वर्षाची रोकड त्या दिवसांतच येते तो जाणारच. गटानं जाणं, उजाडल्यावर जाणं, वाकून वेचताना एकानं उभं राहून नजर ठेवणं, वाघिणीसोबत पिल्लं आहेत ही खबर वनरक्षकाकडून त्याच दिवशी गावात पोचणं, जिथे हे नीट चालतं तिथे जीव वाचतात.

तर गाडीतल्या त्या माणसाला सांगायचं झालं तर असं सांगा की तुम्ही पाहिलं ते बहुतेक बफर (व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीचा पट्टा) किंवा प्रादेशिक वनविभागाचं जंगल होतं, त्या बाया जे वेचत होत्या त्यानं झाडाला काही होत नाही, विचारायचा प्रश्न एवढाच की पाला जाळला की झाडला. आणि जाळला असेल तर हाकलण्याआधी हे विचारा की त्या गावाला या जंगलाबद्दल ठरवायचा काही अधिकार आहे का. हे तुम्हाला स्वतःलाही तपासता येईल. रामटेक-पारशिवनीकडच्या कुठल्याही जंगलालगतच्या गावात जा, सरपंचासोबतच बचत गटातल्या बायांनाही भेटा, सामूहिक वनहक्काचा दावा केला होता का, मंजूर झाला का, किती हेक्टर, आराखडा केला का, आणि त्यात काय काढायचं नाही हे लिहिलंय का ते विचारा. कोणता गट नंबर, कोणतं कंपार्टमेंट (वनविभागानं जंगलाच्या तुकड्याला दिलेला क्रमांक) हे समजलं तर इथे टाका, वनविभागाचा नकाशा आणि गावाचा नकाशा एकमेकांवर ठेवून कसा वाचायचा ते मी सांगेन.